बॅकवॉश वेग

वाळू, अँथ्रासाइट (कठीण दगडी कोळसा) यांसारख्या दाणेदार थराची गाळणी धुण्यासाठी खालून वर सोडलेल्या पाण्याचा, क्षेत्रफळाच्या एककामागे मोजलेला प्रवाह. तो मीटर प्रतितासात सांगतात. धुण्याच्या वेळी गाळणीच्या पेटीत पाणी किती झपाट्याने चढते ते मोजपट्टीने पाहून तो पडताळता येतो.

वेग ठरतो तो सर्वांत भरड दाण्यांवरून. प्रवाह वाढवत नेला की थरातील दाबघट (थर ओलांडताना पाण्याचा कमी होणारा दाब) दाण्यांच्या पाण्यातील वजनाइतकी होते आणि थर तरंगू लागतो. ०.४२ सच्छिद्रतेच्या, म्हणजे घनफळाचा ०.४२ भाग मोकळी जागा असलेल्या, वाळूत ही दाबघट पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजल्यास थराच्या उंचीच्या सुमारे ०.९५ पट भरते. या किमान तरंगवेगासाठी वेन व यू यांचे १९६६ मधील सूत्र रूढ आहे. त्यात वजनाने ९० टक्के दाणे ज्याहून बारीक असतात तो व्यास घालतात व उत्तर १.३ ने गुणतात. हा व्यास ०.९ मिमी. असलेल्या वाळूला या रीतीने १०° से. तापमानात सुमारे २७, २०° ला ३४ आणि ३०° ला ४१ मीटर प्रतितास वेग लागतो. कोमट पाणी पातळ, म्हणून त्याची उचल कमी. वर्षभर एकच वेग ठेवल्यास उन्हाळ्यात भरड वाळू जागची हलत नाही किंवा थंडीत अँथ्रासाइट धुण्याचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारीतून निघून जाते.

दाणे नेमके कशाने स्वच्छ होतात, याबद्दल मतभेद आहेत. दाण्यांची परस्परांवरील घासणी हे जुने स्पष्टीकरण. संशोधक अमिर्तराजा यांनी १९७० च्या दशकात मांडले की, तरंगत्या थरात टकरी नगण्य असतात. काम करतो तो पाण्याचा कर्तनताण (दाण्याच्या पृष्ठाला समांतर लागणारी वाहत्या पाण्याची ओढ), आणि तो सच्छिद्रता ०.७ च्या आसपास असताना सर्वाधिक असतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण केवळ पाण्याने धुतलेल्या गाळण्यांत गाळाचे गोळे का साचतात ते त्यातून उलगडते : हा ताण मुळात दुबळा असतो. म्हणून हवेची जोड देतात. हवा व पाणी एकाच वेळी सोडताना पाण्याचा वेग तरंगवेगाच्या निम्म्याहून कमी ठेवतात. हवेच्या पोकळ्या थरात बनून कोसळतात व दाणे एकमेकांवर खरोखर घासले जातात. पाणी गटारीच्या काठाला पोचण्यापूर्वी मात्र हवा बंद करावी लागते.

दुहेरी थरात अँथ्रासाइट व वाळू या दोहोंचे तरंगवेग जवळपास जुळावे लागतात. त्यासाठी हलक्या अँथ्रासाइटचे दाणे वाळूच्या साधारण दुप्पट आकाराचे घेतात. सक्रियित कार्बनची घनता उत्पादनागणिक बदलते, त्यामुळे त्याच्या गाळणीसाठी पुरवठादाराचा प्रसरण-आलेख (कोणत्या वेगाला थर किती फुगतो ते दाखवणारा) वापरतात.