एवढ्याशा ‘सेट’ची बैठक

डिसेंबरचा पहिला आठवडा. नाशिकजवळ दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत सकाळी सातला पोचलो तेव्हा पानांवर दव होतं. मामांनी एक घड डाव्या तळहातावर धरला आणि उजव्या हाताने देठाला हलकीशी टिचकी मारली. हातावर वाळक्या, तपकिरी फुलोऱ्याचा चुरा पडला आणि त्यात मोहरीएवढे दोन-तीन हिरवे मणी. बाकीचे मणी देठाला घट्ट धरून होते. मामांचा चेहरा सैलावला. “सेटिंग झाली,” ते म्हणाले, “निभावलं यंदा.”

ऑक्टोबरच्या मध्यात फळछाटणी केली की साधारण चाळीसेक दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते. एका घडावर शेकडो फुलं असतात. त्यातली काहीच मणी धरतात, उरलेली गळून जातात. नेमक्या त्या दिवसांत पाऊस झाला किंवा आभाळ भरून राहिलं तर गळ होते, कूज होते आणि वर्षाचा हिशोब बिघडतो. मामांच्या तोंडी ‘सेटिंग’ हा शब्द येतो तो या सगळ्या धास्तीसकट.

दुपारी मामेभावाला फोन केला. तो सातपूरच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या, मशीनवर सेटर आहे. “दादा, पंधरा मिनिटांनी करतो, सेटिंग चालू आहे,” एवढं बोलून त्याने ठेवून दिला. आणि संध्याकाळी सराफ बाजारात बायकोने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, “यातच जरा छोटा सेट आहे का हो?”

द्राक्षाचा मणी, मशीनवर घडवायचा लोखंडाचा तुकडा, म्हणजे ‘जॉब’, आणि गळ्यातलं-कानातलं. हा तिन्हीकडे एकच शब्द आहे का? त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर शोधताना मी इंग्रजीकडून निघालो आणि फिरून मराठीतच येऊन पोचलो.

आधी इंग्रजीतलं घर बघू. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद कुठल्या भारदस्त शास्त्रीय शब्दाची नव्हती. ती होती ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची. सुमारे ४३० अर्थ, आणि ते समजावून सांगायला जवळपास ६० हजार शब्द. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली तेव्हा ‘रन’ने त्याला मागे टाकलं. २०११ मध्ये त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. सेट, रन, पुट, मेक, गो, टेक. अर्थांची गर्दी जिथे तिथे शब्द आखूड आणि रोजच्या वापरातला, असंच दिसतं.

हा योगायोग नाही. हार्वर्डचे भाषाअभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ ढोबळमानाने वर्गमुळाच्या हिशोबाने होते. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभर पट जास्त वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ साधारण दहा पट असतात. २०१२ मध्ये पियांतादोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी इंग्रजी, डच आणि जर्मन शब्द तपासून याच्यामागचं कारण मांडलं. आखूड, उच्चारायला सोपा शब्द बोलणाऱ्याला स्वस्त पडतो. नेमका कुठला अर्थ घ्यायचा हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतोच, मग प्रत्येक अर्थाला नवा लांबलचक शब्द कशाला घडवायचा? एका शब्दाला अनेक अर्थ असणं हा भाषेचा गबाळेपणा आहे असं मला शाळेत वाटायचं. आता ती काटकसर वाटते, घरातल्या एकाच पातेल्यात दूध तापवावं, भात शिजवावा, तशी.

पण ४३० अर्थ आले कुठून? इथे खरी गंमत आहे.

इंग्रजी ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. दोन्ही एकाच धातूची रूपं. इंग्रजी आणि संस्कृत या इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा, आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे संस्कृतात जिथे ‘द’ दिसतो तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो. दश आणि टेन, द्वौ आणि टू, दन्त आणि टूथ. त्याच हिशोबाने संस्कृत ‘सद्’ आणि इंग्रजी ‘सिट’. सद् म्हणजे बसणे. सभेत बसतो तो सभासद, सगळे एकत्र बसतात ती संसद, गुरूजवळ बसून मिळालेलं ज्ञान ते उपनिषद. पक्षी जिथे बसतो ते ‘नीड’ही याच धातूचं, आणि इंग्रजी ‘नेस्ट’ त्याचं सख्खं भावंड.

सद्चं प्रयोजक रूप ‘सादयति’, म्हणजे बसवतो. मधला स्वर बदलून ‘करायला लावणे’ हा अर्थ आणायची ही पद्धत आपल्याला परकी नाही. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे. इंग्रजीत ती पद्धत आता जवळपास विझली आहे, पण ‘सिट’ आणि ‘सेट’ या जोडीत तिची खूण शिल्लक आहे. जुन्या इंग्रजीतलं ‘सेटन’ हे क्रियापद आणि आपलं ‘सादयति’ एकाच साच्यातून निघालेली रूपं आहेत. सातपूरच्या शॉपफ्लोअरवर दिवसभर ऐकू येणारा शब्द आणि संसद, एकाच मुळाच्या दोन फांद्या! हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी बराच वेळ काहीच वाचू शकलो नव्हतो.

बायकोने मागितलेला सेट मात्र दुसऱ्या घरातला. ‘समूह’ या अर्थाचा ‘सेट’ इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट हे त्या बाजूचे. गणितातलाही तोच. आपल्याकडे नववीच्या गणिताची सुरुवातच ‘संच’ या प्रकरणाने होते, तो हाच सेट. उच्चार एक झाला, तसे दोन शब्द एकमेकांत मिसळत गेले आणि आज इंग्रजी बोलणाऱ्यालाही ते वेगळे वाटत नाहीत. प्राध्यापक होण्यासाठी द्यावी लागणारी ‘सेट’ तर शब्दच नव्हे, आद्याक्षरांची जुळणी.

आता बसवणे या अर्थाच्या सेटकडे परत येतो, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे. ‘बसवणे’ या एका कृतीतून शेकडो अर्थ कसे फुटतात हे समजून घ्यायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. आपलं स्वतःचं ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ बघा.

मोडलेलं हाड बसवतात. इंग्रजीतही डॉक्टर हाड ‘सेट’च करतो. हिरा कोंदणात बसवतात. इंग्रज सोनारही तो सेट करतो. नवरात्रात कालिका मंदिरात घट बसतात, भाद्रपदात घरोघरी गणपती बसतो. नाटक बसवतात, नळाला तोटी बसवतात, तोंडात कवळी बसवतात. गाळ बसतो, नवी भर टाकलेली माती पहिल्या पावसात बसते. दार घट्ट बसतं, चप्पल पायात बसते, हिशोब बसतो, घडी बसते. मग वस्तू सुटते आणि शब्द मनात शिरतो. विश्वास बसतो, धाक बसतो, धक्का बसतो, भुर्दंड बसतो. सर्दीने घसा बसतो. धंद्यात जम बसला म्हणजे भरभराट, आणि नुसता धंदा बसला म्हणजे दिवाळं! शब्द तोच, फरक एका ‘जम’चा.

गोष्ट अशी की मराठी ‘बसणे’ सद्पासून आलेलं नाही. ते ‘उपविश्’पासून आलं, ज्ञानेश्वरीत ते ‘बैसणे’ आहे. म्हणजे मूळ धातू वेगळा, प्रदेश वेगळा, आणि अर्थांच्या फांद्या मात्र कितीतरी ठिकाणी जुळतात. वटवाघूळ आणि पक्षी यांचे पंख वेगवेगळ्या वाटांनी घडले, तरी हवेत तरंगायची गरज एकच म्हणून सारखे झाले, तसंच हे. बसणं म्हणजे काय हे माणसाचं शरीर जन्मापासून जाणतं. हालचाल थांबते, वजन खाली येतं, जागा पक्की होते. या अनुभवातून ‘पक्कं होणे’, ‘नीट जुळणे’, ‘घट्ट होणे’, ‘खाली जाणे’ हे अर्थ निघतात, नाशिकात निघतात तसेच लंडनमध्येही. सिमेंट सेट होतं ते याच वाटेने, ‘हलेनासं झालं’ या अर्थाने. (ते वाळून सेट होत नाही बरं का, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून तर स्लॅबवर पाणी मारतात. साध्या पोर्टलंड सिमेंटचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होऊ नये आणि ६०० मिनिटांत पूर्ण व्हावं, असं भारतीय मानक सांगतं.)

सगळ्याच फांद्या जुळतात असं नाही. इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो. आपला गोदाकाठी मावळतो, बुडतो. इंग्रजीत दही सेट होतं, आपल्याकडे लागतं. आपला घसा बसतो तसा त्यांचा बसत नाही.

इतके अर्थ असताना ऐकणारा गोंधळत कसा नाही? १९७९ साली डेव्हिड स्विनी यांनी यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं कानांना हेडफोन लावून एक मजकूर ऐकत होती. त्यात ‘बग’ हा शब्द होता. इंग्रजीत त्याचा एक अर्थ किडा, दुसरा हेरगिरीसाठी लपवलेला मायक्रोफोन. मजकुरात कोळी आणि झुरळं आलेली असल्यामुळे किडाच अभिप्रेत आहे हे उघड होतं. ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर एक शब्द झळकायचा आणि तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरांची जुळवाजुळव, हे पटकन सांगायचं. ‘मुंगी’ या अर्थाचा शब्द लोकांनी झटकन ओळखला, यात नवल नाही. पण ‘हेर’ या अर्थाचा शब्दही तितक्याच झटकन ओळखला गेला! तीनच अक्षरं पुढे जाऊन हीच परीक्षा घेतली तेव्हा हेराचा पत्ता नव्हता, फक्त किडा उरला होता. म्हणजे शब्द ऐकताच त्याचे अर्थ एकदम जागे होतात, आणि नको असलेला डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतो. आपल्याला त्याची चाहूलही लागत नाही.

२००२ मध्ये जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी याच्यापुढचा धागा पकडला. नात्यातले अनेक अर्थ असलेला शब्द मेंदू लवकर ओळखतो, पण बिननात्याचे अर्थ असले तर उशीर लागतो. त्यांचा प्रयोग इंग्रजीवरचा आहे, पण हा फरक मराठीतही सहज दाखवता येतो. माणसाचा डोळा, उसाचा डोळा, आणि मामा छाटणी करताना मोजतात तो द्राक्षाच्या काडीवरचा डोळा, हे एका घरातले. ‘पाठ’ मात्र तशी नाही. दुखते ती पाठ ‘पृष्ठ’पासून आली, वाचतो तो पाठ ‘पठ्’पासून. दोघांची गाठ केवळ उच्चारात.

मराठीत ‘सेट’ एका फेरीत आलाच नाही. बागेत तो कृषी सल्लागारांबरोबर आला, कारखान्यात मशीनबरोबर, सराफ बाजारात जाहिरातींबरोबर. प्रत्येक वेळी अर्थाची एकच फांदी घेऊन. इथे आल्यावर त्याला मराठी प्रत्यय चिकटले नाहीत; ‘सेटतो’ असं कुणी म्हणत नाही. त्याच्यामागे आपण ‘करणे’ आणि ‘होणे’ जोडले, आणि सिट-सेटमधला तोच जुना भेद पुन्हा उभा राहिला. मशीन सेट करतो, बाग सेट होते. शिवाय आपण त्याला आपला म्हणून एक अर्थही दिला. “त्याची तिथे सेटिंग आहे” हे वाक्य लंडनच्या माणसाला इंग्रजीत जसंच्या तसं सांगून बघा. बांधकामावर स्लॅबच्या फळ्यांना लोक सर्रास ‘सेटिंग’ म्हणतात, तो मात्र मुळात ‘सेंटरिंग’, अगदी वेगळा शब्द. कानाला जवळचा वाटला म्हणून त्याच्या रांगेत येऊन उभा राहिला.

पुढच्या रविवारी मामेभावाने त्याचं मशीन दाखवायला नेलं. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, जॉब धरला, तो सरळ फिरतो का हे दाखवणारी डायल लावली, हाताने चक हळूहळू फिरवला. डायलचा काटा थरथरत होता. त्याने प्लास्टिकच्या हातोडीने जॉबवर एक बारीकसा ठोका दिला, पुन्हा फिरवलं, पुन्हा ठोका. काटा एका जागी आला आणि तिथेच राहिला. पहिला पीस काढून त्याने मायक्रोमीटर लावला, आकडा वाचला आणि माझ्याकडे बघून हसला.

“बसली सेटिंग,” तो म्हणाला.