निवडून आला, पण सभागृहात बसणार कधी?

निकालाच्या दिवशी आमच्या म्हापशात फटाके वाजले की लोक म्हणतात झालं, उद्यापासून आपला आमदार पर्वरीला, गोव्याच्या विधानसभेत. पण तसं नसतं, खुर्चीवर बसायच्या आधी बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात.

पात्रता उमेदवारी अर्जाच्या वेळीच तपासलेली असते, भारताचा नागरिक, वय निदान २५ आणि गोव्यातल्या कुठल्यातरी मतदारसंघाच्या यादीत नाव. जिंकल्यावर जपायचा कागद म्हणजे निर्वाचन अधिकारी देतो ते नमुना २२ चं प्रमाणपत्र, मिळाल्याची पोच सही करून द्यायची आणि गुलालात भिजवायचं नाही, एवढंच!

मग निवडणूक आयोगाची अधिसूचना निघाली की नवी विधानसभा स्थापन झाली. आता गंमत बघा, जुने सभापती नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत पदावर असतात आणि मग खुर्ची रिकामी, मग नव्यांना शपथ देणार कोण? म्हणून राज्यपाल राज्यघटनेच्या कलम १८० खाली हंगामी सभापती नेमतात. २०२२ ला गणेश गावकर होते.

शपथ ईश्वराच्या नावाने घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं, पण खाली सही पाहिजेच. शपथ न घेता कोणी सभागृहात बसला किंवा मत दिलं तर कलम १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड, म्हणजे आजच्या हिशेबाने एका जेवणाचे पैसे, असो. मात्र राज्यसभेच्या निवडणुकीत शपथ न घेतलेला आमदारसुद्धा मत देऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने १९८४ साली तसं सांगितलंय, कारण ते मतदान सभागृहाच्या कामकाजात धरत नाहीत.

नंतर कायमचा सभापती निवडायचा. २९ मार्च २०२२ ला रमेश तवडकर २४ विरुद्ध १५ असे निवडून आले. आमदार ४० आणि बेरीज ३९ कशी, तर हंगामी सभापती खुर्चीत होते, आणि खुर्चीत बसलेला माणूस मतं समसमान झाली तरच मत देतो.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपालांचं अभिभाषण असतं, ते झालं की बाकीचं कामकाज. त्यालाही कोरम लागतो, म्हणजे ठरलेले किमान आमदार हजर हवेत. ४० चा दहावा हिस्सा ४ होतो, पण नियम आहे एक दशांश किंवा १०, जो आकडा मोठा तो, म्हणून गोव्यात निदान १० जण हवेत. ९ च असले तर सभापतींनी बैठक तहकूब करायची, नाहीतर दहावा येईपर्यंत वाट बघायची.