चेक इंजिनचा दिवा आणि घरची तपासणी : पार्श्वभूमी

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो आणि गाडी मात्र नेहमीसारखीच पळते, तेव्हा माणूस गोंधळतो. दिव्याचं मूळ बघितलं की उलगडा होतो. हा दिवा आला तो प्रदूषणाच्या कायद्यातून. धुरावर परिणाम करणारा एखादा भाग बिघडला की चालकाला आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते कळावं, हा त्याचा हेतू. इंजिन बंद पडेल की नाही, हे सांगणं त्याचं मुख्य काम नव्हतंच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली. तेव्हा काही गाड्यांत पेपरक्लिपने दोन पिना जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून बिघाडाचा कोड काढायचा, इतकं ते घरगुती होतं. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारना एकच १६ पिनांचं सॉकेट आणि समान कोड आले. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे २००१ च्या सुमारास लागू झालं.

आपल्याकडे दिवा बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन फवारणाऱ्या) गाड्यांत आधीपासून होता, स्वयंतपासणीची सक्ती आली १ एप्रिल २०१० ला, बीएस-४ (भारत स्टेज-४) या धुराच्या नियमांबरोबर, आणि तीही फक्त १३ शहरांत. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. साताऱ्यात मात्र अजून बीएस-३ गाडी विकता येत होती. पहिल्या टप्प्यात मुख्यतः वायरिंग जोडलेली आहे का, एवढंच बघितलं जाई. भाग नीट काम करतोय का, हे तपासणारी ओबीडी-२, म्हणजे स्वयंतपासणीचा दुसरा टप्पा, एप्रिल २०१३ पासून आली. म्हणून २०१३ नंतरची (बीएस-४ किंवा पुढची) कार असेल तर घरी रीडर, म्हणजे कोड वाचणारं छोटं यंत्र, लावण्यात खरा अर्थ आहे.

एक उदाहरण बघा. एअर फिल्टर बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी दिवा लागतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला रीडर लावला की पी०११३ हा कोड दिसतो आणि हवेचं तापमान उणे ४० अंश. भर मे महिन्यात उणे ४० म्हणजे सेन्सरपर्यंत तारच पोचत नाहीये. बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्याजवळचा सुटलेला कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबला की काम झालं. हे वाचायला कंपनीचं वर्कशॉप कशाला लागावं?

भारतातला खरा वाद याच प्रश्नावर झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच आहे. पी० ने सुरू होणारे समान कोड सर्वांना खुले होते, पण पी१ ने सुरू होणारे कंपनीचे स्वतःचे कोड, एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगची माहिती आणि कंपनीचा स्कॅनर बाहेरच्या गॅरेजवाल्याला मिळत नव्हता. २०११ मध्ये तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार झाली, चौकशीची व्याप्ती वाढली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा-नियामकाने (भारतीय स्पर्धा आयोगाने) १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांचं म्हणणं होतं, अकुशल हातांनी सुरक्षितता धोक्यात येईल, शिवाय बौद्धिक संपदेचा प्रश्न आहे. ते मान्य झालं नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना उपलब्ध करा, असा आदेश निघाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात होतं. आदेशाला आव्हानं दिली गेली आणि दंडाचा भाग न्यायालयांत अडकला. तरीही ‘बाहेर स्कॅनर लावलात तर वॉरंटी गेली’ असं काउंटरवर आजही ऐकवलं जातं, हे चीड आणणारं आहे.

मग १ एप्रिल २०२० ला देश बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर गेला. डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला आणि दिव्याचं स्वरूप पालटलं. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत काजळी जळून जायला लागणारी उष्णता तयार होत नाही. डीपीएफचा इशारा सुरुवातीलाच दिसला, तर हायवेवर एका वेगात गाडी चालवून तो बहुतेकदा जातो. दुर्लक्ष केलं तर काम वर्कशॉपवर जातं. पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबायचंच: मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने) न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो.

रीडरने घरीच कोड पुसून दिवा घालवण्याची सवयही अनेकांना लागली. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान साठवलेलं असतं. पुसलं की तेही जातं. बरेचसे दोष गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, चालवून, बंद करणं ही एक फेरी) दिसल्याशिवाय दिवा लागतच नाही, त्यामुळे पुसल्यावर लगेच न लागलेला दिवा काहीच सिद्ध करत नाही. आधी स्क्रीनचा फोटो काढावा.

२०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या क्षेत्रांत वाहनंही आहेत. बीएस-६ दुचाकींनाही आता ही तपासणी आली आहे, पण त्यांतल्या बहुतेकींचं सॉकेट सहा पिनांचं असतं. कारचा रीडर तिथे थेट बसत नाही, मधली वायर वेगळी घ्यावी लागते.