‘वचन मिळालं’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

घरसभेत, म्हणजे कोणाच्या तरी घरी बायबल वाचायला आणि प्रार्थनेला जमतो तिथे, बायबल उघडून दोन मिनिटं होत नाहीत तोच कोणीतरी विचारतं, "या वचनातून तुम्हांला काय वाटलं?" मला या प्रश्नाची चीड आहे. वचनात काय म्हटलंय ते अजून कोणी नीट बघितलेलंही नसतं, आणि वाटायला सुरुवात होते!

अर्थ वेगळा, लागूकरण वेगळं. लिहिणाऱ्याने ज्यांना लिहिलं त्यांना काय सांगितलं, तो अर्थ. त्यावरून मी सोमवारी सकाळी काय करायचं, ते लागूकरण. वाचन आणि अभ्यास यांतल्या फरकावर मी वेळ घालवत नाही. हातात पेन्सिल घेतली की वाचनाचा अभ्यास होतो. भाषांतरांवरून भांडणाऱ्यांनाही दुरून नमस्कार. पंडिता रमाबाईंचं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली छापून निघालेलं घ्या, नाहीतर घरोघरी असतं ते बायबल सोसायटीचं घ्या. अर्थ आणि लागूकरण यांचा घोळ दोन्हींत सारखाच होतो.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. बायबलमधल्या प्रत्येक ओळीला आपण ‘वचन’ म्हणतो, आणि दिलेल्या शब्दालाही ‘वचन’च म्हणतो. मग कुठलीही ओळ समोर आली की ती देवाने आपल्याला दिलेला शब्द वाटते.

आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी काढायची असते, वर्षाचं वचन म्हणून. नागपूरची थंडी, कानटोप्या, मागे चहाची किटली. शेजारच्या मावशींना यिर्मया २९:११ (बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन) निघालं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, पुढची आशा देणारे आहेत. मुलाच्या नोकरीचं चालू होतं. मावशींनी चिठ्ठी फ्रिजवर लावली. कूलरमध्ये गवत भरायचे दिवस आले तरी नोकरी नाही. मावशी मला म्हणाल्या, "काहून बा, देवानं माझंच वचन नाही पाळलं?"

वचन मावशींच्या नावाचं नव्हतंच, पण ते मी त्यांना तोंडावर कसं सांगणार? इथे सांगतो.

ते एका पत्रातलं वाक्य आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये यरुशलेमेतून जे लोक बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेले, त्यांना यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, ते पाठवलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच हवं होतं. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांची हाडं बाबेललाच राहणार. अकराव्या वचनातली ‘आशा’ दहाव्या वचनातल्या सत्तर वर्षांच्या पलीकडची आहे, आणि आपल्या चिठ्ठीवर नेमकं दहावं नसतं.

आणखी एक. त्यात ‘तुम्हांला’ आहे. आपण ते आदरार्थी वाचतो, जणू देव मावशींना ‘अहो’ म्हणतोय. आपल्या बायबलात देव एकट्या माणसाशी ‘तू’नेच बोलतो. इथलं ‘तुम्हांला’ म्हणजे बाबेलला नेलेल्या लोकांची अख्खी वसाहत.

हा झाला अर्थ. काहीजण इथेच थांबतात, वहीत सनावळी उतरवून घरी जातात. तेही मला पटत नाही. नव्या करारातल्या पत्रात याकोब अशा माणसाला आरशात तोंड पाहून लगेच विसरणारा म्हणतो. पण लागूकरण शोधायचं तर त्याच पत्रात शोधावं. पाचवं वचन: घरं बांधून राहा, बागा लावून त्यांचं फळ खा. सातवं: जिथे नेलंय त्या नगराचं हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा.

काटोल-वरुडकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. संत्र्याचं झाड लावलं की फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. दोन वर्षांत निघायचं असेल तर कोण लावेल? ‘बाग लावा’ म्हणणं म्हणजेच हनन्याला खोटं ठरवणं.

मग आमच्या घरसभेतल्या पोरांना हे पत्र कुठे लागू पडतं? ‘नागपुरात काही नाही, पुण्याचा कॉल आला की निघालो’ म्हणत जी वर्षानुवर्षं बॅग भरून बसलीत, मंडळीच्या (चर्चच्या) कुठल्याही कामाला हात लावत नाहीत, मोहल्ल्यातल्या तुंबलेल्या नालीचा अर्ज करत नाहीत, त्यांना. पुण्याला जाऊ नका असं पत्र म्हणत नाही. आहात तिथे पाहुण्यासारखे राहू नका, असं म्हणतं.

गेल्या डिसेंबरात चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पाचवं वचनही डब्यात टाकूया म्हटलं. घर बांधा, बाग लावा. समितीतल्या एका काकांनी चिठ्ठी वाचली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे वचन कुठंय? हे तर काम आहे."