पाण्याखाली लाल रंग जातो कुठे?

माझा आतेभाऊ अंदमानला जाऊन आला, हॅवलॉकला (म्हणजे आताचं स्वराज द्वीप) स्कूबा केलं आणि आल्या आल्या तक्रार सुरू, यूट्यूबवर प्रवाळ कसे लाल-केशरी दिसतात आणि मला तर सगळं निळं-करडं दिसलं, फसवलं राव. पाणी स्वच्छ होतं, वीस मीटरपर्यंत दिसत होतं, मासे ढिगानं, फक्त रंग नाहीत.

फसवलं कुणीच नाही, लाल रंग पाण्याने गिळला. समुद्र निळा कारण वर आकाश निळं, हे आपण लहानपणापासून ऐकतो, ते १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी बोटीवरून येताना निकोल प्रिझममधून (हा स्फटिक पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब अडवतो, तरी पाणी निळंच दिसलं) बघून खोडून काढलं, पण मला त्याहून भारी वाटते ती गोष्ट पाण्याच्या रेणूची. ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध स्प्रिंगसारखा थरथरतो. त्याचा मूळ सूर इन्फ्रारेडमध्ये, आपल्याला न दिसणारा, पण तंबोऱ्याच्या तारेत जसे वरचे स्वर ऐकू येतात तसे यालाही असतात, आणि चौथा-पाचवा स्वर बरोब्बर लाल प्रकाशाच्या आसपास पडतो. म्हणून लाल शोषला जातो, निळा सुटतो. पटत नसेल तर जड पाणी बघा, त्यात हायड्रोजनऐवजी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम, स्प्रिंग संथ हलते, सगळे स्वर खाली सरकतात आणि ते पाणी निळं दिसतच नाही!

एका ग्लासात हे कळत नाही, पण पाच मीटरवर गडद लाल जवळपास संपलेला असतो. त्यात माशापासून तुमच्या डोळ्यापर्यंतचं आडवं पाणीही धरायचं. बारा मीटरवर कपारीत सोल्जरफिश बसलेला असतो, मोठ्ठे डोळे, अंग काळपट. हातभरावरून टॉर्च मारा, एकदम कुंकवासारखा लाल! लाल रंग तिथे लपायलाच कामी येतो.

आता मंगळासाठी बोटात पोवळं घालणाऱ्यांनी रागावू नका, पण ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारीत नाहीतर बरंच खोल वाढणारं, आणि खाली ते लाल दिसतही नाही. मंगळाला ते वरून कसं दिसतं कोण जाणे.

मालवणला मात्र पाणी हिरवट, कारण तिथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि गाळ निळ्यालाही खातात, तो वेगळाच विषय.

आतेभावाला म्हटलं पुढच्या वेळी टॉर्च घे, तर म्हणे तिथे मिळत होता, पण त्याचे दोनशे जास्त सांगत होते.