थोरियमला विरजण लागतं

माझ्या लहानपणी इंदूरात वरात निघाली, की डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांच्या दोन रांगा पुढे चालत. बत्तीला आधी एक मऊ पिशवी बांधायचे. ती जळून जायची आणि मागे राखेची नाजूक जाळी उरायची; बोट लागलं की चुरा. तीच जाळी डोळे दिपवणारा उजेड द्यायची. तशा जाळीत ९९ टक्के थोरियम या किरणोत्सर्गी धातूचं ऑक्साइड असे, हे मला फार उशिरा कळलं.

केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर आहे. मग त्यावर अणुवीज का नाही? घरात दूध कितीही असो, विरजणाशिवाय दही लागत नाही. वाळूतल्या या थोरियमचं, म्हणजे थोरियम-२३२चं, तसंच आहे. त्याला एकट्याला अणुविखंडनाची, म्हणजे एकामागून एक अणू फुटत जाण्याची, साखळी चालवता येत नाही. आधी बाहेरून एक न्यूट्रॉन द्यावा लागतो. तो गिळला की त्याचं होतं थोरियम-२३३, मग प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि शेवटी युरेनियम-२३३. हे खरं इंधन. ते फुटताना निघालेले न्यूट्रॉन पुढच्या थोरियमला लावायचे, जसं आजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी राखतात. होमी भाभांच्या अणुऊर्जेच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात थोरियम शेवटी येतं ते यामुळेच. आधी विरजणाची तजवीज. कल्पक्कमची ‘कामिनी’ ही छोटी अणुभट्टी युरेनियम-२३३वरच चालते, पण तिची क्षमता अवघी ३० किलोवॉट.

खरी मेख प्रोटॅक्टिनियममध्ये आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, २७ दिवसांचं. तेवढ्या काळात त्यानेच आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेलं इंधनही. घन इंधनाच्या कांड्यांतून ते मधेच काढता येत नाही. वितळलेल्या क्षारांची अणुभट्टी मला मोलाची वाटते ती इथे. तिच्यात इंधन फ्लोराइड क्षारांत विरघळून सहाशे-साडेसहाशे अंशांवर वाहत असतं, त्यामुळे प्रोटॅक्टिनियम बाजूला काढून मुरत ठेवण्याची सोय होऊ शकते. दाबही जवळपास हवेइतकाच, म्हणून पाण्याच्या भट्टीसारखं जाडजूड दाबपात्र लागत नाही.

तिची सुरक्षेची युक्ती तर थंडीत आपल्या घरी रोज दिसते. खोबरेल तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी तेल गोठून बूच बसतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं. भट्टीखालच्या नळीत क्षार असाच गार हवेने गोठवून ठेवतात. वीज गेली, पंखा थांबला, की बूच वितळतं आणि सगळं इंधन खालच्या टाक्यांत उतरतं. साखळी तिथेच थांबते.

अमेरिकेत ओक रिज इथे १९६५ ते १९६९ अशी एक भट्टी चालली. १९६८मध्ये ती युरेनियम-२३३वरही चालवली. थोरियम मात्र तिच्यात घातलंच नव्हतं. मिश्रधातूच्या नळ्यांना आतून बारीक तडे गेलेले तेव्हा दिसले, आणि नळ्यांचा प्रश्न आजही सर्वांत चिवट आहे. चीनने गान्सू प्रांतात २ मेगावॉट औष्णिक (विजेची नव्हे, उष्णतेची) क्षमतेची अशीच भट्टी २०२३मध्ये सुरू केली.

आमच्या इंदूरचं ‘कॅट’, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, विरजणाच्या दुसऱ्याच वाटेवर काम करतं. प्रोटॉनना प्रचंड वेग देऊन जड धातूवर आदळलं, की न्यूट्रॉनचा फवारा उडतो. तोच थोरियमला लावायचा. प्रोटॉनना वेग देणाऱ्या यंत्राला, म्हणजे प्रवेगकाला, लागणाऱ्या निओबियम धातूच्या अतिवाहक (वीज जवळपास विनारोध वाहू देणाऱ्या) पोकळ्या तिथे घडवल्या जातात. त्यांना काम करायला दोनेक केल्विन तापमान लागतं, म्हणजे शून्याखाली २७१ अंश.