चुंबकीय दारधारक (अग्निसूचना प्रणालीतील)

आगरोधक दार एरवी उघडे धरणारे आणि आगीचा इशारा होताच सोडून देणारे विद्युतचुंबकीय उपकरण. भिंतीवर किंवा जमिनीवर बसवलेला चुंबक आणि दाराच्या पाठीला लावलेली लोखंडी चकती, असे त्याचे दोन भाग असतात. चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो तोवर चकती चिकटून राहते. प्रवाह तुटला की पकड सुटते आणि डोअर क्लोजर (दार आपोआप लावणारी यांत्रिक भुजा) दार ओढून लावतो. दार लावण्याचे काम चुंबकाचे नव्हे. क्लोजरमधले तेल गळून गेले असेल, तर चुंबक सुटूनही दार उघडेच राहते. कामावरची मंडळी याला नुसते ‘मॅग्नेट’ किंवा ‘होल्डर’ म्हणतात.

उगम : याबद्दल एकवाक्यता नाही. विल्यम स्टर्जनने १८२५ च्या सुमारास विद्युतचुंबक दाखवला, म्हणजे ‘प्रवाह आहे तोवर पकड’ हे तत्त्व जुनेच. तरी आगरोधक दारे धरायला दीर्घकाळ वितळकडी वापरली गेली. कारखान्यांतल्या सरकत्या दाराच्या दोरीत सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या मिश्रधातूची कडी अडकवलेली असे. ती वितळली की दार आपोआप सरकून बंद होई. पण कडीला उष्णता कळते, धूर कळत नाही, आणि माणसे गुदमरतात ती बहुधा ज्वाला पोहोचण्याआधी. धुराची चाहूल घेणारा शोधक आल्यावर दार विजेने सोडण्याला खरा अर्थ आला.

दारधारक हे चुंबकीय कुलुपातून निघालेले उपकरण असावे, असा समज आढळतो. पुरावा उलट दिशेला झुकतो. आधुनिक चुंबकीय कुलूप १९६९ मध्ये समनर सॅफिरस्टीन यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल फोरम या क्रीडागृहासाठी आखले. दारे कुलूपबंद ठेवण्याला तिथल्या अग्निशमन अधिकाऱ्यांची हरकत होती. तेव्हा सॅफिरस्टीन यांची पहिली सूचना दारधारकांची रांगच कुलूप म्हणून वापरावी अशी होती. म्हणजे दारधारक त्याआधी बाजारात रुळलेला होता. तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा धरणे त्यातल्या त्यात सुरक्षित. दोन्ही उपकरणे वीज जाताच सोडतात; फरक इतकाच, की एक दार उघडे धरते, दुसरे बंद.

जोडणी : बहुतेक दारधारक २४ व्होल्ट डीसीवर चालतात, २३० व्होल्ट एसीचेही मिळतात. पुरवठ्याची एक तार फायर पॅनलच्या (अग्निसूचना प्रणालीच्या नियंत्रण फलकाच्या) रिलेतील, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधील, एरवी मिटलेल्या संपर्कातून नेतात. इशारा झाला की संपर्क उघडतो, प्रवाह तुटतो, दार सुटते. तार जळाली, फ्यूज उडाला, पुरवठा गेला, तरी परिणाम तोच. या उपकरणाची सारी सुरक्षितता प्रवाहाच्या अभावावर उभी आहे आणि जोडणी करताना हेच जपायचे असते. होल्डर हूटरच्या (इशाऱ्याच्या भोंग्याच्या) सर्किटला जोडण्याची चूक म्हणूनच गंभीर ठरते. ते सर्किट एरवी मृत असते आणि आगीच्या वेळी जिवंत होते. तिथे जोडलेला होल्डर रोज दार धरणार नाही आणि नेमक्या आगीत पकडेल.

वेटोळ्याला समांतर, उलट दिशेने एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, लावतात (१एन४००७ चालतो). त्याची पट्टी असलेली बाजू पुरवठ्याच्या धन टोकाकडे. प्रवाह तुटताना वेटोळे उलटा, मोठा दाब उसळवते. डायोड नसेल तर त्याची ठिणगी रिलेच्या संपर्कबिंदूंवर पडते. नाशिकमधील एका रुग्णालयात नोंदलेखकाने पाहिले, की चाचणीत हूटर वाजले, पॅनलवर रिले चालल्याची खूण आली, दार मात्र जागचे हलले नाही. रिले उघडला तेव्हा दोन्ही संपर्कबिंदू वितळून एकमेकांना जुळलेले होते. पॅनलच्या लेखी दार सुटलेले होते.

वीज गेल्यावर पॅनल चालवणाऱ्या बॅटरीवर होल्डरही चालवावेत का, हा प्रश्न वादाचा आहे. ४० मिलिअँपियरचे ८ होल्डर ३२० मिलिअँपियर घेतात. २४ तासांत ते ७.६८ अँपियर-तास होतात, म्हणजे ७ अँपियर-तासांची बॅटरी त्यांनीच संपवली. एक पक्ष म्हणतो, होल्डरना बॅटरी देऊच नये, वीज गेली की दारे लागू द्यावीत. दुसरा मोठी बॅटरी किंवा स्वतंत्र पुरवठा सुचवतो. शोधक आणि हूटर यांच्या वाट्याची बॅटरी वाचवणारा पहिला पक्ष अधिक सबळ वाटतो.

चकती चिकटून राहू नये म्हणून तिच्यात किंवा चुंबकात छोटी स्प्रिंगची कळ असते. ती रंगकामात रंगाखाली बुजते, आणि लोखंडात उरलेले थोडे चुंबकत्व हलके दार धरून ठेवते. युरोपीय मानक ईएन ११५५ नुसार दार हातानेही ओढून सोडवता आले पाहिजे.

नियम व नाशिक : राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा भाग ४ अग्निसुरक्षेसाठी, तर आयएस २१८९ शोध व इशारा प्रणालीसाठी आधार मानतात. राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली, त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या विद्युत उद्योगामुळे पॅनलची वायरिंग जाणणारे हात शहरात कमी नाहीत. अडचण वापरात येते. वीज गेली की वॉर्डाची दारे लागतात, स्ट्रेचर अडते, मग कुणीतरी दाराखाली पाचर ठोकतो किंवा अग्निशामक सिलिंडरच टेकवून ठेवतो. जनरेटर सुरू झाला तरी लागलेले दार चुंबक परत खेचून घेत नाही. ते हाताने नेऊन चिकटवावे लागते. ही एवढी सवय वॉर्डबॉयला आणि मावशींना लावली, तर पाचर लागत नाही. पावसाळ्यात चकतीला गंज चढतो आणि पकड ढिली होते. कोरड्या फडक्याने ती पुसणे पुरते.

परवानाप्राप्त संस्थेने जानेवारी आणि जुलैमध्ये ‘बी’ फॉर्म, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. त्यासाठीच्या चाचणीत हूटर वाजल्यावर प्रत्येक दारापाशी जाऊन ते कडीपर्यंत पूर्ण लागले का, हे पाहावे लागते. पॅनलवरच्या दिव्यावरून ते कळत नाही.